तापल्यावर हे जाणार कुठं?

परवा फोनवर तू म्हणालास, "मामा, मॅनिफोल्ड बघून ठेवलंय. स्टेनलेसचं, चकाचक, चारही नळ्या सापासारख्या वळवलेल्या. घेऊ का?" मी एवढंच म्हटलं की पैसे दिले नसशील तर चार दिवस थांब. बाकीचं फोनवर सांगण्यासारखं नव्हतं, म्हणून आज गॅरेज लवकर बंद करून लिहायला बसलोय. यातलं निम्मं माझ्या मेस्त्रींनी मला दिलंय, निम्मं गाड्यांनी शिकवलंय.

मेस्त्री गॅरेजात येण्याआधी शिरोलीच्या एका फाउंड्रीत मोल्डिंगला होते. बीड, म्हणजे ओतीव लोखंड, त्यांना हाताला कळायचं. टर्बोवाल्या ट्रकचं तडकलेलं मॅनिफोल्ड कुणी आणून टाकलं की ते तड्यावरून बोट फिरवायचे आणि आम्हा पोरांना एकच प्रश्न विचारायचे, "तापल्यावर हे जाणार कुठं?" मी तेव्हा विशीत होतो. लोखंड कुठं जातंय, दोन स्टडांत जखडलेलं आहे की, असं मला वाटायचं. पण तेच तर त्यांना सांगायचं होतं. जखडलेलं आहे, आणि तरीही ते जाणारच. जायला वाट ठेवली नाहीस तर ते स्वतः तडकेल, नाहीतर स्टड तोडेल.

थोडा हिशेब मांडतो, म्हणजे डोळ्यापुढं येईल. टर्बो पेट्रोल गाडी पूर्ण जोरात असते तेव्हा सिलिंडरांतून मॅनिफोल्डात येऊन टर्बोकडं जाणारा धूर ९०० अंश सेल्सिअसच्या आसपास असतो, कधी त्याच्याही वर. मॅनिफोल्डचा फूटभर, म्हणजे ३०० मिलिमीटरचा भाग घे आणि तो गार असतानापेक्षा ६०० अंशांनी जास्त तापला असं धर. बिडाचा असेल तर तो साधारण दोन मिलिमीटर लांबतो. ३०४ स्टेनलेसचा असेल तर सव्वातीन. आणि ज्या हेडला तो आवळलाय ते ॲल्युमिनियमचं हेड आतल्या पाण्यामुळं गार राहतं, ते जेमतेम अर्धा मिलिमीटर वाढतं. म्हणजे एकाच जागी आवळलेल्या दोन वस्तू, एक जवळपास जागेवर आणि दुसरी दोन-तीन मिलिमीटर पुढं. प्रत्येक वेळी गाडी तापली की ही ओढाताण, आणि गार झाली की उलटी. म्हणून पहिल्या आणि चौथ्या सिलिंडरच्या टोकाचे स्टड आधी तुटतात, मधले शाबूत राहतात. मधून बाहेर जाताना ओढ साठत जाते, ती सगळी टोकाला येते.

आता मुद्द्यावर. आधी हे बघायचं की गाडीला बदलण्यासारखं मॅनिफोल्ड आहे का. हसू नकोस. हल्लीच्या बऱ्याच टर्बो पेट्रोल इंजिनांत मॅनिफोल्ड वेगळं नसतंच, ते हेडमध्येच ओतलेलं असतं आणि त्याच्याभोवती इंजिनचं पाणी फिरतं. फोर्ड इकोस्पोर्टचं एक लिटरचं इकोबूस्ट, फोक्सवॅगन-स्कोडाचं १.० टीएसआय, २०१७ साली आलेल्या ऑक्टेव्हिया आरएसचं दोन लिटरचं इंजिन, या सगळ्यांत टर्बो थेट हेडवर बसतो. मागच्या वर्षी एक पोरगा कुशाक घेऊन आला होता, मॅनिफोल्ड टाकायचंय म्हणून. त्याला बॉनेट उघडून दाखवलं आणि चहा पाजून परत पाठवलं.

तुझी गोष्ट वेगळी. तुझ्याकडं जुनी आरएस आहे, २००४ साली आपल्याकडं आलेली, १.८ लिटर, वीस व्हॉल्व्हची, १५० अश्वशक्तीची. तिच्या मॅनिफोल्डला स्वतंत्र अस्तित्व आहे. बिडाचं, बुटकं, गुटगुटीत, त्याच्याखाली के-०३ टर्बो. दिसायला काही नाही, पण त्याचं वय बघ. वीस वर्षं उलटली आणि ते अजून गॅस धरून आहे. त्याला नावं ठेवताना दहा वेळा विचार कर.

तुला नवं कशासाठी हवंय, ते मला सांग. जुनं तडकलंय म्हणून हवं असेल तर मूळच्याच नमुन्याचं बिडाचं घे आणि हे पत्र इथंच बाजूला ठेव. ताकद वाढवायची म्हणून हवं असेल, तर टर्बो कुठला राहणार हे आधी ठरव. के-०३ च ठेवणार असशील, नाहीतर त्याच्याच जागी बसणारा थोडा मोठा के-०४ टाकणार असशील, तर मॅनिफोल्ड बदलून फारसं हाती लागत नाही. तिथं धूर अडतो तो टर्बोच्या छोट्या टर्बाइनमध्ये आणि त्याच्या पुढच्या डाउनपाइपमध्ये. पैसे तिकडं घाल. आणि के-०४ म्हणजे एकच वस्तू नव्हे, हेही लक्षात ठेव. ऑडी टीटीच्या २२५ अश्वशक्तीच्या गाडीवरचा के-०४ तुझ्या मॅनिफोल्डवर बसत नाही, त्याला त्याचंच मॅनिफोल्ड लागतं. नावावर जाऊन टर्बो आणलेले आणि मग फ्लँजची भोकं जुळेनात म्हणून डोक्याला हात लावून बसलेले लोक मी बघितलेत.

मोठा टर्बोच टाकायचा पक्का विचार असेल, तर मग दोन जाती. एक ओतीव, दुसरी नळ्या वाकवून आर्गॉन वेल्डिंगनं जोडलेली. ओतीव मॅनिफोल्ड जड असतं, त्याच्या वाटा तोकड्या असतात, चारही सिलिंडरचा धूर एकाच पोकळीत येऊन एकमेकांना थोडा धक्का देतो, त्यामुळं वरच्या फेऱ्यांना दम थोडा कमी पडतो. पण आतली पोकळी लहान असल्यानं टर्बो लवकर जागा होतो, आणि ते वर्षानुवर्षं चालतं. नळ्यांचं मॅनिफोल्ड नीट बनवलेलं असेल तर वरच्या फेऱ्यांना गाडी मोकळी पळते. नीट बनवलेलं नसेल तर ते वर्षभरात तुझ्याकडून दुप्पट पैसे काढतं. शहरात आणि कोल्हापूर-पुणे हायवेवर चालवायच्या गाडीला मी ओतीवच सांगेन. तू ट्रॅकवर जाणार म्हणतोस, महिन्यातून एकदा. तरी माझं मत तेच राहील, पण गाडी तुझी आहे, म्हणून नळ्यांचं कसं निवडायचं तेही सांगतो.

धातू बघ. ओतीव असेल तर नुसतं "बीड" म्हणून घेऊ नकोस, सिलिकॉन आणि मॉलिब्डेनम घातलेलं डक्टाइल बीड आहे का विचार. टर्बोच्या उष्णतेला तेच टिकतं, साधं ग्रे बीड लवकर हार मानतं. नळ्यांच्या बाबतीत बाजारात ३०४ सांगून बरंच काही खपवलं जातं. आपल्याकडं रेलिंगला आणि ग्रिलला जी २०२ ची नळी वापरतात, ती दिसायला तशीच, चकाकी तशीच, पण तिच्यात निकेल कमी आणि मँगनीज जास्त. लोहचुंबक लावून बघितलंस तर दोन्हीला चिकटत नाही, म्हणजे चुंबकानं ओळख पटत नाही. तू कोल्हापुरात आहेस, याचा फायदा घे. शिरोली आणि गोकुळ शिरगावात कितीतरी फाउंड्र्यांकडं स्पेक्ट्रो मशीन आहे. ओळखीनं नळीचा एक तुकडा नेऊन दे, थोड्या वेळात कागदावर सगळं येतं. निकेल आठ टक्क्यांच्या खाली असेल तर ते ३०४ नव्हे. विकणारा तुकडा द्यायला तयार नसेल, तर तेही उत्तरच समज.

त्याच्यावरचा प्रकार ३२१. त्यात टायटॅनियम असतं. ३०४ खूप वेळ साधारण ४५० ते ८०० अंशांच्या पट्ट्यात राहिलं की त्यातला कार्बन क्रोमियमला धरून धातूच्या कणांच्या कडेला बसतो आणि वेल्डच्या शेजारी धातू कमजोर होतो. ३२१ मध्ये टायटॅनियम त्या कार्बनला आधीच पकडून ठेवतं. टर्बोच्या आधी ३२१ मिळालं तर उत्तम. न मिळालं तर जाड ३०४ चालेल, पातळ ३०४ मात्र नको. सायलेन्सरच्या मागच्या भागाला दीड मिलिमीटरची नळी पुरते. टर्बोचं वजन लोंबकळणाऱ्या मॅनिफोल्डला मी पावणेतीन मिलिमीटरच्या आसपास जाडी बघतो, शेड्यूल टेनचे बेंड म्हणतात ते. जड होतं, हो. पण टर्बोसुद्धा पाच-सात किलोंचा गडी आहे आणि रस्ते आपले आहेत.

आता हे नीट ऐक, कारण याच्यावर माझे स्वतःचे पैसे गेलेत.

बारा-तेरा वर्षांपूर्वी एका गिऱ्हाइकासाठी एका फॅब्रिकेटरकडून नळ्यांचं मॅनिफोल्ड बनवून घेतलं. बाहेरून वेल्ड इतकं सुंदर की नाण्यांची चवड आडवी करून ठेवावी तसं, एकावर एक सरकलेलं, निळसर सोनेरी. मी भुललो. आतून बघितलं नाही. दोन महिन्यांनी गाडी परत आली, टर्बोला शिट्टी येत होती आणि बूस्ट होत नव्हता. टर्बो उतरवला तर टर्बाइनच्या पात्यांची टोकं उंदरानं कुरतडल्यासारखी. मग मॅनिफोल्डात करंगळी घालून बघितली. वेल्डच्या आतल्या कडेला खरखरीत, काळपट दाणे लागले, जळक्या साखरेच्या खड्यासारखे. एक दाणा नखानं सुटला.

कारण असं की स्टेनलेस वितळतं तेव्हा त्याला हवा लागू द्यायची नसते. बाहेरून टॉर्चचा आर्गॉन त्याला झाकतो, पण नळीच्या आत हवाच असते. चांगला वेल्डर नळीची दोन्ही तोंडं बंद करून आतही आर्गॉन सोडतो. आर्गॉन वाचवायला जो आत सोडत नाही, त्याच्या वेल्डला आतून साखर पडते, वेल्डरही तिला साखरच म्हणतात. ती तापून गार होऊन सुटते, आणि पुढं लगेच टर्बाइन आहे, मिनिटाला दीड-दोन लाख फेरे मारणारं. मोहरीएवढा दाणा त्याला गोळीसारखा लागतो. त्या गिऱ्हाइकाला टर्बो मी माझ्या खर्चानं भरून दिला. तेव्हापासून मॅनिफोल्ड विकत घेताना मी बाहेर बघतच नाही. टॉर्च आणि दातांच्या डॉक्टरकडं असतो तसला छोटा आरसा खिशात ठेवतो, आणि प्रत्येक जोड आतून बघतो. आत वेल्ड गुळगुळीत, राखाडी किंवा फिकट सोनेरी दिसायला हवं. जिथं चार नळ्या एकत्र येतात तो जोड बघणं अवघड असतं, आणि खरा घोळ तिथंच असतो. आरसा पोचत नसेल तर कॅमेऱ्याची वायर घाल, आता ती स्वस्तात मिळते.

त्यानंतर फ्लँज. हेडकडची फ्लँज दहा-बारा मिलिमीटरच्या खाली नको. वेल्ड झाल्यावर ती केळ्यासारखी वाकते, हे ठरलेलं. म्हणून वेल्डिंगनंतर मिलिंगवर फेसिंग मारलेली असली पाहिजे. दुकानातच स्टीलची सरळ पट्टी तिच्यावर आडवी ठेव आणि खालून ०.१ मिलिमीटरचं फीलर गेज सरकतंय का बघ. सरकलं तर परत दे. नट आवळून सरळ होईल असं कुणी म्हणालं तर ऐकू नकोस, ती सरळ होत नाही, स्टड ताणून ठेवते. आणि आता मेस्त्रींचा प्रश्न विचार. तापल्यावर हे जाणार कुठं? टोकाकडची भोकं थोडी मोठी किंवा लांबट आहेत का? दोन सिलिंडरांच्या मध्ये फ्लँजला चीर दिलेली आहे का? असेल तर बनवणाऱ्याला मेस्त्रींसारखं कुणीतरी भेटलेलं आहे.

मूळ पॅकिंग सोबत घेऊन जा, ते फ्लँजवर ठेवून पेन्सिलीनं भोकं गिरव. मॅनिफोल्डचं भोक हेडच्या भोकापेक्षा किंचित मोठं चालतं, लहान चालत नाही. धूर बाहेर पडता पडता त्याच्या छातीला पायरी लागता कामा नये.

मग गाडीत बसतंय का ते. तुझ्या इंजिनचा एक्झॉस्ट मागं, फायरवॉलकडं आहे. उजव्या बाजूला स्टिअरिंग असलेल्या गाडीत तिथं किती जागा उरते हे तुला एकदा हात घालूनच कळेल. परदेशात डावीकडं स्टिअरिंग असलेल्या गाडीसाठी बनवलेलं मॅनिफोल्ड आपल्याकडं बसेलच असं नाही, विकणाऱ्याला स्पष्ट विचार. टर्बो बसल्यावर त्याची ऑइल परत नेणारी नळी सरळ खाली उतरली पाहिजे. तिथं दाब नसतो, ऑइल आपल्या वजनानं उतरतं. नळी आडवी झाली की ऑइल टर्बोत तुंबतं, सील सोडतं, आणि मागून निळा धूर.

जास्तीचा धूर टर्बोला वळसा घालून सोडणारा बाहेरचा वेस्टगेट लावणार असशील तर त्याची नळी मॅनिफोल्डला कशी जोडलीय ते बघ. धूर वाहत्या दिशेनं, तिरका, सहज तिकडं वळला पाहिजे. काटकोनात, नाहीतर उलट्या दिशेला वेल्ड करून ठेवलेली असेल, तर धूर तिकडं जातच नाही, बूस्ट तुझ्या ताब्यात राहत नाही, आणि पिस्टन वितळेपर्यंत तुला कळतही नाही.

दोन भागांच्या टर्बोबद्दल विचारलंस, ट्विन स्क्रोल. तुझ्या इंजिनची फायरिंग ऑर्डर १-३-४-२. म्हणून पहिलं आणि चौथं एका वाटेला, दुसरं आणि तिसरं दुसऱ्या. एकाचा धूर दुसऱ्याच्या अंगावर येत नाही. हे काही नवं नाही, टर्बो ज्यानं शोधला त्या स्वित्झर्लंडच्या आल्फ्रेड ब्यूखीनं १९२५ सालीच अशा वेगळ्या वाटांचं पेटंट घेतलं होतं. पण त्यासाठी टर्बोचं घरही दुभागलेलं लागतं आणि वेस्टगेटही दोन्ही वाटांना लागतो. खर्च बघता तुझ्यासाठी मी सुचवणार नाही.

बसवताना घाई करू नकोस. जुने स्टड काढायच्या आदल्या रात्री त्यांच्यावर पेनिट्रेटिंग ऑइल मारून ठेव. इंजिन पूर्ण गार असू दे, पाना आधी थोडा आवळायच्या बाजूला, मग सोडायच्या बाजूला. तुटला तर ॲल्युमिनियमच्या हेडमध्ये ड्रिल चालवावं लागतं, आणि ते काम तू करू नकोस, मला फोन कर. नवे स्टड, नवे तांब्याचा मुलामा दिलेले नट, स्टीलच्या पापुद्र्यांचं पॅकिंग. आट्यांना निकेलचं अँटीसीझ. आवळायचं मधून बाहेर, दोन टप्प्यांत, टॉर्क रेंचनं. हाताच्या अंदाजानं आवळणाऱ्यांचे स्टड मी तीस वर्षं काढतोय. टर्बोला खालून आधाराची पट्टी दे, पण तिचं एक भोक लांबट ठेव. का, ते तुला आता विचारायला नको.

मॅनिफोल्डवर पट्टी गुंडाळतात तसं गुंडाळू नकोस. बॉनेटखाली गार राहतं खरं, पण सगळी उष्णता धातूतच कोंडते, आणि पावसाळ्यात ती पट्टी ओल धरते. सिरॅमिक कोटिंग करून घे किंवा वर पत्र्याचं कवच बसव.

कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काढायचा नाही, सेन्सर जागेवर ठेवायचे. मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमात मूळ बनावटीत फेरफारावर बंधनं आहेत, आणि विमा कंपनीला सांगितलं नसेल तर वेळेला तीही हात वर करेल. आरटीओत आधी विचारून घे. ट्रॅकसाठी वेगळी गाडी ठेवणं परवडलं तर माझं मत त्याच बाजूला.

पहिल्यांदा सुरू करताना गाडी बाहेर काढू नकोस. गार इंजिन सुरू कर आणि बॉनेट उघडं ठेवून कान लाव. कुठं टिक-टिक-टिक येतेय का, शिवणयंत्रासारखी? येत असेल आणि गाडी तापल्यावर थांबत असेल, तर सगळं ठीक झालं असं समजू नकोस. गार असताना फट आहे आणि तापून फुगल्यावर ती मिटतेय, एवढंच. टर्बोच्या आधी फट राहिली की टर्बोला धूर कमी मिळतो, आणि दोन धक्क्यांच्या मध्ये ती बाहेरची हवा आत ओढते. पुढचा ऑक्सिजन सेन्सर ती हवा बघून पेट्रोल कमी पडतंय असं समजतो, आणि गाडी विनाकारण पेट्रोल पिऊ लागते. दुसऱ्या दिवशी जोडावर काजळीची रेघ दिसेल, ती शोध. दोन-तीनदा तापवून पूर्ण गार करून नट पुन्हा टॉर्कला बघ.

एक राहिलं. जुनं मॅनिफोल्ड भंगारवाल्याला देऊ नकोस. वायर ब्रशनं काजळी काढ, ऑइलचा हात फिरव, आणि पोत्यात गुंडाळून माळ्यावर ठेव. त्याचं पॅकिंग आणि टर्बो आवळणारे तीन बोल्टही त्याच पोत्यात. शनिवारी येणार असशील तर मॅनिफोल्ड विकणाऱ्याकडं आपण दोघं जाऊ, आरसा आणि टॉर्च मी घेऊन येतो.